मेन स्विच पाडून दोन तास काढून बघा: वीज जाण्याआधीची घरातली तयारी

टॉर्च, मेणबत्त्या, पॉवर बँक हे सगळं घरात असतं. तरी लाइट गेली की पहिली दहा मिनिटं शोधाशोधीत जातात, मग टॉर्चमधले सेल संपलेले निघतात आणि पॉवर बँकेत एकच ठिपका उरलेला असतो. सामान घरात असणं वेगळं आणि ते अंधारात हाताला लागणं, चालणं आणि पुरणं वेगळं. म्हणून सुरुवात खरेदीपासून करू नका, चाचणीपासून करा.

एखाद्या संध्याकाळी अंधार पडल्यावर घरातल्या सगळ्यांना सांगून मेन स्विच बंद करा आणि दोन तास नेहमीसारखं वागा. स्वयंपाक, जेवण, भांडी, मुलांचा अभ्यास, अंथरुणं, सगळं. त्याआधी कॉम्प्युटर नीट बंद करा, एसी बंद करा. फ्रिजचं दार उघडलं नाही तर दोन तासांत आतल्या वस्तूंना काही होत नाही. घरात कुणी ऑक्सिजनच्या किंवा दुसऱ्या एखाद्या यंत्रावर असेल, तर मात्र मेन पाडू नका. त्यांची व्यवस्था वेगळी करावी लागते, ती पुढे सांगितली आहे.

हाताशी वही ठेवा आणि अडेल ते लिहीत जा. गॅसची शेगडी पेटवायला लायटर सापडला नाही. पिण्याच्या पाण्याचं मशीन बंद पडलं आणि बाजूला भरून ठेवलेलं पाणी नव्हतं. फाटकाची मोटर हाताने कशी सोडवायची ते कुणालाच माहीत नव्हतं. इन्व्हर्टरवर ज्या खोलीचा पंखा असेल असं वाटत होतं, त्या खोलीऐवजी भलतीच खोली जोडलेली निघाली. प्रत्येक घराची अडचण वेगळी असते. त्यामुळे कुठल्याही तयार यादीपेक्षा ही वही जास्त कामाची.

लाइट गेली म्हणजे नेमकं काय झालं?

पहिलं काम खिडकीतून बाहेर बघायचं. शेजारी, समोरची इमारत, रस्त्यावरचे दिवे सगळंच बंद असेल तर वाट बघायची. फक्त आपलंच घर अंधारात असेल तर डिस्ट्रिब्यूशन बोर्डकडे, म्हणजे घरातले सगळे खटके असलेल्या पेटीकडे जायचं.

बोर्डात कुठला खटका पडलाय ते आधी बघा. ट्रिप झालेला, म्हणजे आपोआप पडलेला एमसीबी (एकेका लाइनचा छोटा खटका) बऱ्याचदा अर्धवट, मधल्या जागी थांबतो आणि नुसता वर ढकलला तर बसत नाही. तो आधी पूर्ण खाली ओढायचा, मग वर करायचा. पुन्हा लगेच पडला तर तिसऱ्यांदा प्रयत्न करू नका, त्या लाइनवर काहीतरी बिघाड आहे. आरसीसीबी, म्हणजे ‘टी’ लिहिलेलं टेस्ट बटण असलेला मोठा खटका पडला असेल, तर कुठेतरी करंट गळतोय. सगळे एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा आणि मग एकेक एमसीबी थोड्या थोड्या वेळाने चढवा. जो चढवल्यावर आरसीसीबी पडेल, बिघाड त्या लाइनवर. तो खाली ठेवून बाकीचं घर चालू ठेवता येतं. बहुतेक वेळा गुन्हेगार गीझर, ओली झालेली बाहेरची लाइन किंवा पाण्याची मोटर असते. बोर्डमधून जळका वास येत असेल किंवा झाकण गरम लागत असेल, तर यातलं काहीही करायचं नाही. मेन बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा.

आरसीसीबीचं टेस्ट बटण दोन-तीन महिन्यांतून एकदा, वीज चालू असताना, दाबून बघावं. खटका पडला पाहिजे. पडला नाही तर तो खराब आहे, आणि ज्या दिवशी कुणाला शॉक बसेल त्या दिवशीही पडणार नाही.

बोर्डाजवळ एक कागद चिकटवा. कुठला एमसीबी कुठल्या खोलीचा, कुठला फ्रिजचा, इन्व्हर्टरची लाइन कुठली, वीज कंपनीचा तक्रारीचा नंबर आणि मीटरवरचा ग्राहक क्रमांक, सगळं ठळक अक्षरात. अंधारात, एका हातात टॉर्च धरून वाचता येईल एवढं मोठं.

आता एक धोका, जो फार थोड्या लोकांना माहीत असतो. कधी कधी वीज पूर्ण जात नाही, वेडीवाकडी होते. एका खोलीतला दिवा डोळे दिपतील असा पेटतो, दुसऱ्या घरात तो मिणमिणतो, पंखा अचानक जोरात फिरायला लागतो. बाहेरच्या थ्री-फेज लाइनची न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायर तुटली किंवा सैल झाली की असं होतं. मग घरात २३० व्होल्टऐवजी ३०० किंवा त्याहून जास्त, वाईट परिस्थितीत ४०० च्या आसपास व्होल्टेज येऊ शकतं, आणि काही सेकंदांत टीव्ही, फ्रिज, राउटर, चार्जर सगळं उडतं. इथे एकेका उपकरणाचा प्लग काढत बसायचं नाही. धावत जाऊन मेन पाडायचा. मेन कुठे आहे हे घरातल्या दहा-बारा वर्षांच्या मुलालाही माहीत हवं, ते यासाठी.

याच्या उलटही घडतं. फक्त आपल्या घराची न्यूट्रल तुटली तर सगळं बंद पडतं, पण वायरींमध्ये वीज जिवंत असते. ‘लाइट नाहीये’ म्हणून बल्बच्या होल्डरला किंवा उघड्या वायरला कधीच हात लावू नये. मेन पाडल्याशिवाय नाही.

उजेड

आमच्या मते मेणबत्ती ही तयारीतली शेवटची वस्तू, पहिली नव्हे. अंधारात धावपळ, वाऱ्याने हलणारे पडदे, लहान मुलं आणि उघडी ज्योत हे एकत्र आलं की आग लागायला वेळ लागत नाही. लावायचीच वेळ आली तर जड, पसरट भांड्यात वाळू घालून त्यात खोचा, पडद्यापासून लांब ठेवा आणि खोलीतून बाहेर पडताना विझवा.

त्याऐवजी प्रत्येक झोपायच्या खोलीत एक छोटा एलईडी टॉर्च, एक स्वयंपाकघरात आणि एक मुख्य दाराजवळ. जागा ठरलेली हवी, आणि ती कपाटाच्या आत नको. दाराच्या चौकटीला खिळा मारून दोरीने टांगलेला टॉर्च चाचपडत गेलं तरी सापडतो. त्यावर अंधारात चमकणाऱ्या पट्टीचा बोटभर तुकडा चिकटवला तर आणखी बरं. घरात एक तरी डोक्याला बांधायचा टॉर्च असावा. भाजी चिरताना, बाळाला घेताना, जिन्यावरून पाणी आणताना दोन्ही हात मोकळे राहतात.

खोलीभर उजेड हवा असेल तर टॉर्च पांढऱ्या छताकडे तोंड करून उभा ठेवा. एका ठिपक्याचा प्रकाश छतावरून परतून सगळीकडे पसरतो. टॉर्च लावलेला फोन पालथा, म्हणजे उजेड वर येईल असा ठेवून त्यावर पाण्याने भरलेली पारदर्शक बाटली ठेवली तरी बऱ्यापैकी कंदील होतो. पाण्यात दोन-तीन थेंब दूध टाकलं तर प्रकाश आणखी मऊ पसरतो.

सेलबद्दल लोक हमखास एक चूक करतात. टॉर्चमध्ये सेल घालून तो दोन वर्षं तसाच ठेवतात. साधे आणि अल्कलाइन सेल गळतात, आतल्या पट्ट्या खातात आणि नेमका हवा तेव्हा टॉर्च मरतो. सेल बाहेर काढून, टॉर्चलाच रबर बँडने बांधून ठेवा. जुने-नवे सेल एकत्र घालू नका. कमकुवत सेल आधी रिकामा होतो, मग बाकीचे त्याच्यातून जबरदस्तीने करंट ढकलतात आणि तो गळतो. पट्टीवर पांढरा चुरा जमला असेल तर कापसाच्या काडीवर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घेऊन पुसा, कोरडं करा आणि मग नवे सेल घाला.

लाइट गेल्यावर आपोआप पेटणारे चार्जिंगचे बल्ब सोयीचे असतात, पण त्यांचं बटण चालूच ठेवावं लागतं. बटण बंद असेल तर ना तो चार्ज होतो, ना वीज गेल्यावर पेटतो. नवा बल्ब साधारण तीन-चार तास टिकतो. वर्ष-दीड वर्षात ही वेळ बरीच घटते, म्हणून चाचणीच्या संध्याकाळी घड्याळ लावून मोजा.

इन्व्हर्टर: किती तास, आणि का कमी पडतो

विक्रेता सांगतो तो बॅकअप आणि घरात मिळतो तो यांत फरक का पडतो, हे एका हिशोबात कळतं. १२ व्होल्टची १५० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे १२ × १५० = १८०० वॉट-अवर. यातले फार तर ८० टक्के काढायचे, कारण त्याहून खोल उपसल्याने बॅटरीचं आयुष्य घटतं. राहिले १४४०. इन्व्हर्टर स्वतः साधारण १५ ते २० टक्के खातो. हातात उरतात सुमारे ११७० वॉट-अवर.

आता लोड. जुने ७५ वॉटचे तीन पंखे २२५, नऊ वॉटचे सहा एलईडी ५४, राउटर १२. एकूण २९१ वॉट. ११७० ला २९१ ने भागलं तर चार तास. प्रत्यक्षात साडेतीन धरा, कारण बॅटरीची लिहिलेली क्षमता ती सावकाश, बहुतेकदा २० तासांत रिकामी केली तर मिळते. करंट जास्त ओढला की ती क्षमता घटते. हेच तीन पंखे ३० वॉटचे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे असते तर लोड १५६ वॉटवर आला असता आणि बॅकअप सात तासांच्या आसपास गेला असता. दुसरी बॅटरी घ्यायच्या आधी पंखे बदलायचा विचार करा. बिलही कमी येतं.

इन्व्हर्टरवर काय लावू नये: गीझर, इस्त्री, मायक्रोवेव्ह, इंडक्शन, एसी, पाण्याची मोटर. फ्रिज चालताना १५० वॉटच घेत असला तरी कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट करंट ओढतो. छोटा इन्व्हर्टर तिथेच ओव्हरलोडवर पडतो. स्क्वेअर वेव्हपेक्षा साइन वेव्ह, म्हणजे कंपनीच्या विजेसारखीच वीज देणारा इन्व्हर्टर घ्यावा. स्क्वेअर वेव्हवर पंखे गुरगुरतात आणि मोटरा जास्त तापतात. डेस्कटॉप कॉम्प्युटर लावायचा असेल तर इन्व्हर्टरच्या मागचं बटण यूपीएस मोडवर हवं. साध्या मोडमध्ये बदल व्हायला लागणारा क्षण कॉम्प्युटरला सोसत नाही आणि तो बंद होऊन पुन्हा सुरू होतो.

बॅटरीची देखभाल मात्र सावकाश, हात धुऊन करायचं काम आहे. दर दोन महिन्यांनी, उन्हाळ्यात दर महिन्याला. आधी इन्व्हर्टर आणि त्याला मेनमधून येणारी वीज, दोन्ही बंद करा. हातातली अंगठी, बांगड्या, घड्याळ काढून ठेवा. दोन टर्मिनलच्या मध्ये धातू आडवा आला तर १२ व्होल्टचा शॉक लागत नाही, पण शेकडो अँपिअर वाहतात आणि अंगठी बोटातच लाल होते. पान्ह्याच्या दांड्यालाही इन्सुलेशन टेप गुंडाळा. डोळ्यांवर चष्मा, हातात रबरी मोजे.

वरचे तरंगते निर्देशक बघा. ज्या कप्प्याचा निर्देशक खालच्या खुणेजवळ गेला असेल त्यात डिस्टिल्ड वॉटर घाला. नळाचं नाही, उकळून गार केलेलंही नाही, कारण उकळल्याने पाण्यातले क्षार जात नाहीत आणि तेच प्लेटांवर बसतात. आणि अॅसिड तर कधीच नाही. बॅटरीतून उडून जातं ते पाणी, अॅसिड आतच राहतं. पाणी बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर घालावं, कारण चार्जिंगमध्ये पातळी वर येते. आधीच काठोकाठ भरली तर अॅसिड बाहेर उसळतं. अपवाद एकच. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या जेमतेम बुडतील एवढं आधी घाला, चार्ज होऊ द्या आणि मग खुणेपर्यंत भरा. एकाच कप्प्यात दर वेळी इतरांपेक्षा जास्त पाणी लागत असेल, तर तो कप्पा खराब होतोय असं समजा.

टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर दिसला तर इन्व्हर्टर बंद असतानाच आधी निगेटिव्ह आणि मग पॉझिटिव्ह वायर सोडवा. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा विरघळवून जुन्या टूथब्रशने घासा. पाणी कप्प्याच्या झाकणातून आत जाऊ देऊ नका. कोरडं करा, घट्ट आवळा, वरून पेट्रोलियम जेली लावा. सैल नट हे टर्मिनल तापून वितळण्याचं नेहमीचं कारण. चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो आणि हवेत तो चार टक्क्यांवर गेला की ठिणगी पुरते. म्हणून बॅटरी बंद कपाटात नको, आणि तिच्या आसपास दिवा, काडी, उदबत्ती काहीच नको. अॅसिड अंगावर उडालं तर लगेच भरपूर वाहत्या पाण्याखाली धरा, किमान १५-२० मिनिटं. डोळ्यात गेलं तर पाण्याने धूत धूतच दवाखाना गाठा.

तुमच्या भागात वीज क्वचितच जात असेल तर महिन्यातून एकदा मेन बंद करून इन्व्हर्टर तास-दोन तास चालवा. बॅकअप पूर्वीच्या निम्म्यावर आला असेल तर बॅटरीचं आयुष्य संपत आलंय. हे तुम्हाला चाचणीत कळलेलं बरं.

जनरेटर असेल तर

जनरेटरच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नसतो आणि तो झोपेतच माणसाला मारतो. जनरेटर घरात, गॅलरीत, जिन्याखाली, अर्धवट उघड्या गॅरेजमध्ये कधीच चालवायचा नाही. खिडक्या-दारांपासून किमान सहा मीटर लांब, धूर घरापासून उलट दिशेला. घरातल्या एकाहून जास्त लोकांचं डोकं एकदम दुखायला लागलं, मळमळलं, गरगरलं, तर सगळ्यांना घेऊन आधी बाहेर पडा, मग बाकीचं. बंद खोलीत उबेसाठी पेटवलेली कोळशाची शेगडीही हेच करते.

दुसरी गोष्ट: दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करून जनरेटरची वीज घरातल्या सॉकेटमध्ये सोडायची नाही. ती मीटरमधून उलटी बाहेर जाते, ट्रान्सफॉर्मरमध्ये उलट्या दिशेने वाढून हजारो व्होल्ट होते आणि लाइन बंद आहे असं समजून खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जातो. चेंजओव्हर स्विच, म्हणजे घर एका वेळी बाहेरच्या लाइनला किंवा जनरेटरला, एकालाच जोडणारा खटका बसवून घ्या. इंधन जनरेटर बंद करून, गार झाल्यावरच भरा. साठवलेलं पेट्रोल तीन महिन्यांत वापरून बदला.

फ्रिज

वीज गेल्यावर फ्रिजचं दार न उघडता आतलं अन्न साधारण चार तास सुरक्षित राहतं. भरलेला फ्रीझर ४८ तास, अर्धा भरलेला २४ तास गारठा धरून ठेवतो. भरलेल्या फ्रीझरचा फायदा म्हणून रिकाम्या जागेत आजच पाण्याच्या बाटल्या ठेवा. गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगतं, त्यामुळे बाटली मानेच्या बऱ्याच खालपर्यंतच भरा, नाहीतर तडकते. एक लिटर बर्फ नुसता वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो, तेवढ्यात तेच पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापलं असतं. या बाटल्या म्हणजे फ्रिजची बॅटरीच. वीज बराच वेळ गेली तर त्यातल्या दोन-तीन खालच्या कप्प्यात आणून ठेवा, आणि बर्फ वितळल्यावर पाणी प्यायलाही येतं.

बाहेरगावी असताना वीज किती वेळ गेली होती हे कसं कळणार? एका कपात पाणी गोठवा, बर्फावर एक नाणं ठेवा आणि कप फ्रीझरमध्येच राहू द्या. परत आल्यावर नाणं वरच असेल तर सगळं ठीक. तळाशी गोठलेलं दिसलं तर मधल्या काळात बर्फ पूर्ण वितळून पुन्हा गोठला होता. मग फ्रीझरमधलं अन्न बाहेरून कितीही कडक दिसलं तरी टाकून द्या.

फ्रिजमधल्या दूध, शिजवलेलं अन्न, मांस, मासे, अंडी यांनी चार अंशांच्या वरच्या तापमानात दोन तासांहून जास्त वेळ काढला असेल, तर ते खाऊ नका. चव घेऊन ठरवायला जाऊ नका, कारण आजारी पाडणारे सगळेच जंतू वास किंवा चव बदलत नाहीत. फ्रीझरमधल्या वस्तूत अजून बर्फाचे कण असतील तर ती पुन्हा गोठवायला हरकत नाही. एक साधा थर्मामीटर फ्रिजमध्ये कायम ठेवला तर हे सगळे अंदाज बांधावेच लागत नाहीत.

पाणी आणि स्वयंपाक

वीज नाही म्हणजे मोटर नाही, मोटर नाही म्हणजे वरच्या टाकीत आहे तेवढंच पाणी. प्यायला आणि स्वयंपाकाला माणशी रोज तीन ते चार लिटर धरा. धुणं-भांडी-संडास धरून काटकसरीने माणशी १५ लिटर. तीन दिवसांचं पिण्याचं पाणी झाकणाच्या स्वच्छ भांड्यांत भरून ठेवा आणि बदलत राहा. फिल्टर मशीन चालत नसेल तर पाणी खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट उकळा, समुद्रसपाटीपासून २,००० मीटरच्या वर राहत असाल तर तीन मिनिटं. फ्लशची टाकी रिकामी असली तर अर्धी बादली, सहा-आठ लिटर, एका दमात ओता. थोडं थोडं ओतून काही होत नाही.

फक्त इंडक्शनवर स्वयंपाक होत असेल तर गॅसची किंवा दुसरी एखादी सोय हवीच. चिमणी बंद असते, तेव्हा गॅस पेटवल्यावर खिडकी उघडी ठेवा.

फोन, इंटरनेट, बातम्या

१०,००० एमएएचची पॉवर बँक ५,००० एमएएचचा फोन दोनदा भरेल असं वाटतं. प्रत्यक्षात दीड वेळ भरते. व्होल्टेज बदलताना आणि चार्ज होताना उरलेली ऊर्जा उष्णता होऊन जाते. माणसं किती, फोन किती, यावरून क्षमता ठरवा. पॉवर बँक दर तीन महिन्यांनी चार्ज करा. फुगलेली दिसली तर वापर लगेच बंद, टोचायची किंवा दाबायची नाही, कचऱ्यातही टाकायची नाही. ई-कचरा गोळा होतो तिथेच द्या.

वायफायसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो. घेण्याआधी राउटरच्या अॅडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा. फायबरचं कनेक्शन असेल तर राउटर वेगळा आणि फायबर येतो तो डबा वेगळा असू शकतो. बरेच जण राउटरला यूपीएस लावतात, डब्याला विसरतात आणि मग नेट का नाही म्हणून शोधत बसतात.

मोबाइलच्या टॉवरलाही बॅटरी असते, पण ती काही तासांची. नेटवर्क क्षीण झालं की फोन सतत सिग्नल शोधत राहतो आणि बॅटरी भराभर उतरते. अशा वेळी फ्लाइट मोड लावा, तासातून एकदा बघा. कॉल लागत नसला तरी एसएमएस अनेकदा जातो. सेलवर चालणारा एफएम रेडिओ एक घरात असू द्या. महत्त्वाचे दहा नंबर कागदावर लिहून ठेवा. थोडी रोख रक्कम हाताशी हवी आणि गाडीत निम्म्याहून जास्त इंधन, कारण एटीएम आणि पेट्रोलचे पंपही विजेवरच चालतात.

यंत्रावर किंवा थंड औषधांवर असलेलं माणूस

याची तयारी आजच करा, बाकी सगळं उद्यावर गेलं तरी चालेल. मिनिटाला पाच लिटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं यंत्र) ३०० ते ३५० वॉट घेतो. वरच्या हिशोबाने १५० अँपिअर-अवरची चांगली बॅटरी त्याला, दुसरं काहीही न चालवता, जेमतेम तीन तास देते. म्हणून भरलेलं सिलिंडर हवंच. त्याचा हिशोब सोपा आहे. सिलिंडरची पाण्याची क्षमता गुणिले दाब, भागिले मिनिटाचा प्रवाह. १० लिटरचं सिलिंडर १५० बारला भरलेलं असेल तर १,५०० लिटर ऑक्सिजन, मिनिटाला दोन लिटर लावला तर ७५० मिनिटं, साडेबारा तास. थोडा राखीव सोडून दहाच धरा. रेग्युलेटर बसवायचा सराव घरातल्या दोघांनी तरी उजेडात करून ठेवा. सिलिंडरजवळ ज्योत नाही, आणि व्हॉल्व्हला तेल-ग्रीस अजिबात नाही.

इन्शुलिनची न उघडलेली कुपी दोन ते आठ अंशांत ठेवायची असते. वापरात असलेली बहुतेक इन्शुलिन खोलीच्या तापमानात, २५-३० अंशांच्या आत, सुमारे चार आठवडे चालतात. नक्की आकडा पाकिटातल्या कागदावर असतो, तो वाचून डब्यावर लिहून ठेवा. बर्फाच्या पेटीत ठेवताना कुपी टॉवेलात गुंडाळा. बर्फाला थेट चिकटून गोठलेली इन्शुलिन वितळल्यावर नेहमीसारखी दिसली तरी निकामी झालेली असते.

लाइट येते तेव्हा

उपकरणं जास्त करून वीज जाताना नाही, परत येताना जळतात. म्हणून लाइट गेल्या गेल्या टीव्ही, कॉम्प्युटर, फ्रिज, एसी, वॉशिंग मशीन यांचे प्लग काढा. गीझर, इस्त्री, शेगडी बंद आहे ना ते बघा. इस्त्री कपड्यावर तशीच ठेवून लोक बाहेर निघून जातात आणि वीज मागाहून येते. एक दिवा चालू ठेवा, म्हणजे वीज आल्याचं कळेल.

आल्यावर पाच-दहा मिनिटं थांबा, दिवा स्थिर आहे ना ते बघा. मग फ्रिज लावा. फ्रिज आणि एसी यांच्या कॉम्प्रेसरला बंद झाल्यावर आतला दाब समान व्हायला तीन ते पाच मिनिटं लागतात. त्याआधी सुरू केला तर तो अडकून गुरगुरतो आणि तापतो. त्यानंतर एकेक उपकरण लावत जा, मोटर सगळ्यात शेवटी. बाहेर तुटून पडलेली वायर दिसली तर किमान दहा मीटर लांब राहा, इतरांनाही लांब ठेवा, आणि काठीने बाजूला सारायला जाऊ नका.

इन्व्हर्टरची बॅटरी पूर्ण उतरली असेल तर ती भरायला दहा-बारा तास लागतात, तोवर पुन्हा वीज गेली तर बॅकअप तुटपुंजाच मिळणार. पॉवर बँका त्याच रात्री चार्जिंगला लावा, टॉर्चमधले वापरलेले सेल बदला, पाण्याची भांडी पुन्हा भरा. आणि लांबलेल्या खंडानंतर दोन दिवसांनी बॅटरीच्या पाण्याची पातळी परत एकदा बघा.